थोरली, धाकटी आणि रंगूआक्कांची चिठ्ठी

मित्रांनो, तुम्ही रोज माझ्या कळा दाबून आपापलं नाव पडद्यावर उमटवता आणि खूश होऊन एकमेकांना ढकलता. मला ते आवडतं. पण हा डबा कुठून आला, आधी काय करायचा, हे तुमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नसतं. मी आता जुना झालेला संगणक आहे. माझा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, एक कळ दाबली की अक्षर दोनदा उमटतं, आणि आपल्याबद्दल बढाया मारण्यासारखं माझ्याजवळ फारसं काही उरलेलं नाही.

पण परवा तुमचे सर म्हणाले, "याच्यात भाषेची नवी आवृत्तीपण घालू. जुनी राहू दे. दोन्ही असू देत." ते ऐकून मला एक जुनी गोष्ट आठवली. म्हणून आज बोलतो आहे. जरा शांत बसून ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. सांगलीच्या गणपती पेठेत जिन्याखाली एक छोटं दुकान होतं, तिथल्या टेबलावर मला जोडलं. कुठला पंखा, कुठली तबकडी, कुठली पेटी, सगळे भाग वेगवेगळ्या गावचे. साल होतं एकोणीसशे त्र्याण्णव. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांच्या सल्ला केंद्रासाठी मला घेतलं होतं. केंद्राचे अण्णा, म्हणजे निवृत्त शेतकी अधिकारी, स्वतः मला न्यायला आले. मला गोधडीत गुंडाळलं आणि एसटीत खिडकीजवळच्या सीटवर बसवलं. माझं वेगळं तिकीट काढायचं की नाही यावरून अण्णांची आणि कंडक्टरची कवलापूरपर्यंत हुज्जत चालली. तेव्हा माझा रुबाबच तसा होता. केंद्रात माझ्या खोलीत यायचं तर मोठमोठे बागायतदारसुद्धा चपला बाहेर काढायचे.

तिथे मला दोन माणसं मिळाली. एक चारुशीलाताई. त्या मूळच्या रहिमतपूरच्या, सांगलीत मावशीकडे राहून रोज एसटीने तासगावला यायच्या. माझ्यासाठी कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणं हे त्यांचं काम. दुसरे ज्ञानू हवालदार. सैन्यात वीस वर्षं तारायंत्रावर बसून परत आलेले. मिशा टोकदार, शर्टाला कडक इस्त्री, आणि मला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसताना म्हणायचे, "बंदूक असो का मशीन, साफ ठिवलं की दगा देत न्हाई."

आमचं काम काय होतं ते सांगतो. तासगावकडे ऑक्टोबरात द्राक्षवेलीची छाटणी करतात. छाटणी झाली की काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या गाठींना, एक औषध लावतात. त्याने सगळे डोळे एका वेळी फुटतात. औषध भारी जालीम. पातळ झालं तर डोळे मागेपुढे फुटतात, आणि घट्ट झालं तर डोळा जळतो. एकदा जळला की त्या हंगामात तिथे घड नाही. काडी किती जाड, हवा किती थंड, छाटणीला किती तास झाले, हे सगळं बघून एका मापाला पाणी किती घालायचं ते ठरतं. चारुशीलाताईंनी त्याचा हिशोब मला शिकवला. शेतकऱ्याने माहिती सांगायची, हवालदारांनी ती माझ्यात भरायची, मी आकडा छापायचा, आणि हवालदारांनी त्याच चिठ्ठीवर शाईने मराठीत लिहून द्यायचं. एक प्रत आमच्याकडे राहायची.

तीन हंगाम मी अशा चिठ्ठ्या दिल्या. एकही चुकली नाही. लोक घडांनी लगडलेल्या बागांचे फोटो आणून माझ्या पडद्याला टेकवून ठेवायचे. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू? खरं तर मी एकही वेल पाहिलेली नव्हती. खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो.

आता त्या दोन आवृत्त्यांकडे येतो. संगणकाला काम सांगायला एक भाषा लागते, हे तुम्हांला सरांनी सांगितलंच आहे. ती माणसांनीच तयार केलेली असते, आणि चार-दोन वर्षांनी तिची सुधारलेली आवृत्ती निघते. तोंडवळा तोच, पण काही सवयी बदललेल्या. चिठ्ठ्यांचा हिशोब ताईंनी जुन्या आवृत्तीत लिहिला होता. शहाण्णव साली त्यांनी वेलींवरच्या रोगाचा अंदाज सांगणारं नवं काम हाती घेतलं, आणि त्यासाठी नवी आवृत्ती लागत होती. माझ्यासारखा दुसरा संगणक केंद्रात नव्हता. मग दोन्ही आवृत्त्या माझ्याच पोटात ठेवल्या.

हवालदारांना ते पटेना. ते म्हणाले, "ताई, एका म्यानात दोन तलवारी कवा ऱ्हायल्यात का?"

अण्णा हसून म्हणाले, "अहो, तलवारी नसतील राहत. पण एका घरात दोन जावा राहतातच की! एकीला थोरली म्हणा, एकीला धाकटी."

तीच नावं पडली. ताईंनी दोन छोटे हुकूम तयार केले. इंग्रजी अक्षरांत 'थोरली' टाइप केलं की जुनी आवृत्ती कामाला लागायची, 'धाकटी' टाइप केलं की नवी. मी सकाळी जागा झालो की पहिल्यांदा एक यादी वाचतो. भाषा कुठल्या कप्प्यात शोधायची ते त्या यादीत लिहिलेलं असतं. ते हुकूम ती यादीच बदलायचे. त्यामुळे वीज गेली, मला बंद केलं, तरी शेवटी जी जाऊ कामावर ठेवली असेल तीच पुन्हा चुलीपुढे बसायची.

दोघींच्या सवयींत एक फरक होता. भागाकारात पूर्णांकाच्या पुढे काही उरलं तर थोरली ते जपून ठेवायची. धाकटी फार चपळ, पण अपूर्णांक हवा असं आधी बजावून सांगितलं नसेल तर तो ती सोडून द्यायची. सात भागिले चार किती? थोरली म्हणायची, पावणेदोन. धाकटी म्हणायची, एक. दोघीही आपापल्या नियमाने बरोबर होत्या, आणि मला तर जी समोर असेल तिचंच ऐकावं लागायचं.

म्हणून ताईंनी भिंतीवर कागद चिकटवला होता: 'जाताना थोरलीवर ठेवून जाणे.' हवालदारांनी त्याखाली आपली सही केली. रोज संध्याकाळी ते ताईंना विचारायचे, "थोरलीला चार्ज दिला का?" ताई म्हणायच्या, "दिला." मगच कुलूप लागायचं.

त्या वर्षीची खंडेनवमी उजाडली. तुम्हांला माहीत आहेच, त्या दिवशी घरातली हत्यारं आणि कामाची अवजारं पुजतात, आणि पूजा झाली की त्यांना हात लावत नाहीत. सकाळी ताई धाकटीवर काम करत बसल्या होत्या. मध्येच त्या पेढे आणायला बाहेर गेल्या. तेवढ्यात अण्णा झेंडूची माळ घेऊन आले. हवालदारांनी मला बंद केलं, पुसलं, पाटावर ठेवल्यासारखं सरळ केलं. अण्णांनी हळदकुंकू वाहिलं, माळ घातली, उदबत्ती ओवाळली. कळफलकाच्या फटीत थोडं कुंकू गेलं ते अजून आहे.

ताई परत आल्या आणि दारातच थबकल्या. म्हणाल्या, "हवालदार, एकच मिनिट चालू करते. थोरलीवर ठेवायचं राहिलंय."

"आता न्हाई, ताई," हवालदार हात आडवा धरून म्हणाले. "पूजा झाली. पलटणीत आमी खंडेनवमीला पुजलेल्या बंदुकीला साहेबालासुदिक हात लावू दिला न्हाई. आज त्येला आराम."

ताईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "राहू दे गं. उद्या दसरा, सुट्टीच आहे. परवा सकाळी तू येशीलच की."

ताई हसल्या, पेढा घेतला आणि रहिमतपूरच्या गाडीला गेल्या. एक कागद लिहून माझ्यावर डकवला असता तर? पण परवा दहाला आपणच पहिल्यांदा येणार, अशी त्यांची खात्री होती. मला सगळं कळत होतं, पण मी बंद होतो. आणि चालू असतो तरी काय? विचारल्याशिवाय बोलायचं नाही, अशीच माझी घडण आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच रंगूआक्का दारात उभ्या राहिल्या. त्या सावळजच्या. मालक कधीच वारले होते. मुलगा अर्जुना सैन्यात. दोन वर्षांपूर्वी रजेवर आला तेव्हा त्याने खड्डे घेऊन अर्ध्या एकरात वेली लावल्या आणि परत गेला. पुढे आक्कांनी एकटीने त्या मांडवावर चढवल्या. या वर्षी बागेचं पहिलं पीक येणार होतं. अर्जुनाने मार्चातली रजा मागून घेतली होती. आपल्या हातच्या वेलीचा पहिला घड स्वतः तोडायचा, असं त्याने आईला पत्रात लिहिलं होतं. ते पत्र आक्का पिशवीत घेऊनच फिरायच्या. आदल्या दिवशी सोनं लुटून झाल्यावर भावकीतल्या माणसांना हाताशी धरून त्यांनी छाटणी उरकली होती. औषध त्याच दिवशी लावायला हवं होतं.

हवालदारांनी मला चालू केलं. माझ्या गळ्यातली सुकलेली माळ त्यांनी आदराने बाजूला ठेवली. दोन दिवसांच्या सणात ताईंचं ते 'एकच मिनिट' ते साफ विसरून गेले होते. त्यांनी आक्कांची माहिती भरली. मी जागा झालो तेव्हाच यादी वाचली होती. यादीत धाकटीचा कप्पा होता. मी भागाकार केला. उत्तर पावणेदोन यायचं, ते एक आलं. मी एक छापला.

हवालदारांनी शाईने लिहिलं, 'एका मापास पाणी एक लिटर.' आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

रंगूआक्का चिठ्ठीकडे बघत राहिल्या. दुसऱ्यांच्या बागेत मजुरीने औषध लावून लावून त्यांच्या बोटांची कातडी निबर झाली होती. त्या म्हणाल्या, "आवं भाऊ, येवढं घट? जोतीरामाच्या बागंत गेल्या साली लावलं तवा लय पातळ हुतं की. हाताला कळतंय मला."

हवालदारांनी माझ्या डोक्यावर थाप मारली. "आक्का, तीन वरसं झाली, एक चिठ्ठी चुकली न्हाई. माणूस चुकंल. मशीन चुकत न्हाई."

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला अभिमान वाटला. एवढ्या कडक माणसाने माझी बाजू घेतली म्हणून मी मनातून सुखावलो. आक्कांनी चिठ्ठी घडी करून मुलाच्या पत्राबरोबर पिशवीत ठेवली आणि त्या गेल्या.

ताईंची गाडी वाटेत बंद पडली होती. त्या आल्या तेव्हा बारा वाजून गेले होते. पर्स खाली ठेवायच्या आधी त्यांनी मला विचारलं की कोण चालू आहे. मी सांगितलं, धाकटी. त्या गर्रकन वळल्या.

"हवालदार, आज कुणाला चिठ्ठी दिली?"

"रंगूआक्कालाच फकस्त. का वं?"

ताईंनी प्रत काढून पाहिली. मग त्यांनी थोरलीला बसवलं, तीच माहिती पुन्हा भरली, आणि मी पावणेदोन छापलं. दोन्ही कागद शेजारीशेजारी टेबलावर पडले होते. हवालदार ते वाचून खाली बसले, आणि लगेच उठले. अण्णांच्या स्कूटरवर ती दोघं सावळजला गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी हवालदारांनी अण्णांना सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. ते पोचले तेव्हा आक्का शेवटच्या ओळीवर होत्या. बाकीच्या सगळ्या ओळी लावून झाल्या होत्या आणि औषध वाळलं होतं. ताईंनी चूक सांगितली तशी आक्कांनी हातातलं फडकं बादलीत टाकलं आणि विहिरीकडे पाण्याला धावल्या. मग तिघांनी ओल्या फडक्यांनी एकेक डोळा पुसायला सुरुवात केली. अर्ध्या एकरातले डोळे, मित्रांनो. किती असतील याचा हिशोब मी करू शकतो, पण करवत नाही. ऊन कलेपर्यंत ते पुसत होते. हवालदारांचे हात भाजल्यासारखे लाल झाले होते, आणि अण्णांशी बोलताना ते हातांकडेच बघत होते.

"अण्णा, ताईनं मागितलं हुतं एक मिनिट," ते म्हणाले. "मी दिलं न्हाई."

अण्णा म्हणाले, "मीही नाहीच दिलं."

मग वाट बघणं सुरू झालं. डोळे फुटायला दहा-बारा दिवस लागतात. हवालदार रोज पहाटे सायकलने सावळजला जाऊन यायचे आणि आठला मला पुसायला लागायचे. पूर्वी पुसताना ते गुणगुणायचे. आता आवाज यायचा नाही. आठव्या दिवशी ताईंनी विचारलं, "काही?" ते म्हणाले, "न्हाई अजून." दहाव्या दिवशी शेजारच्या जोतीरामची बाग पोपटी झाली. आक्कांच्या बागेत काड्या तशाच उभ्या. बाराव्या दिवशी हवालदारांनी एक काडी आणून टेबलावर ठेवली. तिच्यावरचे डोळे काळे पडले होते. मी इतकी वर्षं डोळ्यांचे हिशोब करत होतो, आणि डोळा पहिल्यांदा पाहिला तो असा.

चौदाव्या दिवशी शेवटची ओळ फुटली. औषध ओलं असताना पुसलेली ती एकच ओळ. बाकी बागेत घड धरलाच नाही.

त्या आठवड्यात ताईंनी चिठ्ठीचा कार्यक्रम बदलला. छापायच्या आधी मी स्वतःलाच विचारायचं, सात भागिले चार किती? उत्तर पावणेदोन आलं नाही तर तिथेच थांबायचं. शिवाय प्रत्येक चिठ्ठीच्या डोक्यावर थोरली की धाकटी ते छापायचं. चार ओळींचं काम. अण्णा बघून म्हणाले, "बैल गेला आणि झोपा केला."  ताईंनी मान खाली घालून टाइप करणं चालू ठेवलं आणि कळफलकावर दोन थेंब पडले.

मार्चात अर्जुना रजेवर आला. तिसऱ्या दिवशी तो आईला घेऊन केंद्रात आला. उंच, सावळा, शांत माणूस. हवालदार उठून ताठ उभे राहिले, वरिष्ठासमोर राहतात तसे, आणि म्हणाले, "चूक माझी हाय. जी शिक्षा द्यायची ती द्या."

अर्जुना म्हणाला, "काका, बसा. एकच इचारतो. आईनं तुमास्नी सांगितलं हुतं का, घट हाय म्हणून?"

"व्हय. सांगितलं हुतं."

"मग?"

हवालदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. खोलीत फक्त माझा पंखा वाजत होता. तो तेवढा वेळ तरी बंद पडावा, असं मला वाटलं.

तेव्हा रंगूआक्का बोलल्या. "त्येंचं नगं काढू, अर्जुना. माझाच हात मला सांगत हुता. मी माझ्या हाताचं ऐकलं न्हाई."

अर्जुनाने पिशवीतून कागदात गुंडाळलेला एक घड काढून टेबलावर ठेवला. त्या एका ओळीतला. तो म्हणाला, "आईनं दिलाय. खावा समद्यांनी." आणि दोघं गेले. तो घड संध्याकाळपर्यंत कोणी खाल्ला नाही. शेवटी अण्णांनी एकेक मणी सगळ्यांच्या हातावर ठेवला.

त्यानंतर मी आणखी दोन हंगाम काम केलं. एकही चिठ्ठी चुकली नाही, पण कोणी तसं बोलून दाखवलं तर हवालदार त्याला गप्प करायचे. मग रंगीत पडद्याचा नवा संगणक आला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर रिकामी पोती, जुनी मासिकं आणि एकदा तर मांजरीची पिल्लंही होती. या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, अण्णांनी मला तुमच्या शाळेला दिलं. सोडायला हवालदार स्वतः आले होते. जाताना त्यांनी पंख्याची धूळ काढली आणि ते निघून गेले.

रंगूआक्कांची बाग पुढच्या वर्षी चांगली आली. जळलेल्या काड्यांच्या जागी नव्या काड्या धरल्या आणि मांडव भरला, असं ताई सांगत होत्या. त्या वर्षी औषधाच्या वेळी आक्का केंद्रात आल्या, बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या, ताईंची विचारपूस केली. ताईंनी भीत भीत विचारलं, "आक्का, चिठ्ठी देऊ का? आता चुकायची नाही." आक्का उठल्या. म्हणाल्या, "कागुद नगं, पोरी. तू माझ्यासंगं चल. औषध कालवू आन् दोघी बोट बुडवून बघू." ताई गेल्या. मी दोन वर्षं वाट पाहिली, पण रंगूआक्कांनी माझ्याकडे पुन्हा कधी काही मागितलं नाही.

जुन्या वस्तू तुम्हांला सांगतात, आम्हांला पुसा, जपा, फेकू नका. तेही कराच. पण सर उद्या माझ्यात दुसरी आवृत्ती घालणार आहेत, म्हणून माझं एक मागणं वेगळं आहे. काम सुरू करायच्या आधी मला विचारा की आत कोण बसलं आहे. ज्याचं उत्तर तुम्हांला येतं असा एक प्रश्न मला आधी घाला. आणि एखाद्या म्हातारीने चिठ्ठी हातात धरून म्हटलं, की हे बरोबर वाटत नाही, तर माझ्या डोक्यावर थाप मारून तिला गप्प करू नका. तिला बसवा आणि मला पुन्हा तपासा. त्या सकाळी त्या खोलीत आम्ही तिघं होतो, आणि बरोबर फक्त रंगूआक्का होत्या.